दगडफुलातले भाडेकरू

आमच्या सोसायटीच्या मागच्या अंगणात एक आंबा आहे. फळांच्या नावानं बोंब, पण सावली भरपूर. त्या आंब्याच्या खोडाला नाक लावून आमचे हे कितीतरी वर्षं रोज सकाळी उभे राहायचे. हातात भिंग, कानावर पेन्सिल आणि पायात चुकून माझ्याच स्लिपर. येणाराजाणारा विचारणारच. दूध आणायला निघालेल्या एखाद्या शेजाऱ्यानं "काय बघताय सर?" म्हटलं की हे मान न वळवता म्हणायचे, "झाड." कुणी चिकाटीचा निघाला आणि "ते दिसतंय हो, पण झाडावर काय?" म्हणाला, तर "भाडेकरू." विषय संपला. मी वर गॅलरीत कपडे वाळत घालताना हे ऐकायचे आणि मला हसू यायचं, खोटं कशाला बोलू. मीही शनिवार पेठेतली. सरळ प्रश्नाला सरळ उत्तर दिलं तर आमच्या माहेरी 'बरं नाही का' म्हणून विचारतात.

भाडेकरू म्हणजे माइट. आंब्याच्या खोडावर राखाडी-हिरवट, कडा मुडपलेला एक थर असतो, त्याला दगडफूल म्हणतात. आपण गोड्या मसाल्यात घालतो ते डोंगराकडचं, आमच्या आंब्यावरचं त्याच्या भावकीतलं. वाळलं की कुरकुरीत होतं आणि पाणी लागलं की मऊ हिरवं. त्याच्या मुडपलेल्या कडांखाली हे माइट राहायचे. खसखशीच्या दाण्याहूनही लहान, तपकिरी, चकचकीत, आठ पायांचे. किडे म्हटलेलं ह्यांना चालायचं नाही. "किड्याला सहा पाय. हे कोळ्याच्या नात्यातले," असं मला इतक्यांदा ऐकवलंय की झोपेतही सांगेन. हे माइट चावत नाहीत, पिकाचं वाटोळं करत नाहीत, कुठल्या औषधाच्या कामाला येत नाहीत. दगडफूल खायचं, त्याच्याच आडोशाला राहायचं, ते सुकलं की अंग चोरून पडायचं आणि ओलं झालं की उठून चार पावलं चालायचं.

"म्हणजे पेन्शनर," मी एकदा म्हटलं. ह्यांना ते फार आवडलं, पण कबूल केलं नाही.

हे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, मी शाळेत गणित. दोघंही निवृत्त. मी भिशी, नातवंडं, गुडघे यांत रमले आणि ह्यांनी स्वयंपाकघरालगतच्या खोलीत सूक्ष्मदर्शक मांडला. आंब्यावरचा हा माइट आजवर कुणी नोंदवलेला नाही, अशी ह्यांची खात्री होती आणि एकदोन जाणकारांनीही तसंच सांगितलं होतं. मोठ्या माइटची चित्रं ह्यांनी कधीच पुरी केली होती. पाठीवरून, पोटाकडून, बाजूनं, एकेक केस मोजून. तेवढ्यावर लेख पाठवून मोकळं होता आलं असतं. पण नाही. पिल्लू बघितल्याशिवाय नाव ठेवायचं म्हणजे अर्धं बारसं, असं ह्यांचं म्हणणं. आणि पिल्लू काही दिसेना, कारण असल्या माइटची पिल्लं दगडफुलाच्या आतच बोगदा करून राहतात, बाहेर येतात ती क्वचित. चित्रांच्या कागदावर उजवीकडे खाली एक रिकामी चौकट आखलेली होती. त्या चौकटीवर धूळ बसली की हे कागद फुंकून परत ठेवायचे.

ह्यांचा डावा डोळा आधीच गेलेला. उजव्यावर सगळा कारभार चालला होता. मागच्या हिवाळ्यात एके दिवशी जेवता जेवता म्हणाले, "दाराची चौकट वाकडी झालीय. सुताराला बोलाव." मी उठून चौकटीला हात लावून बघितला. चौकट सरळ होती. डाव्या डोळ्याच्या वेळी असंच खिडकीचे गज वाकले होते, ते मला आठवलं. ह्यांनाही आठवलं असणार, कारण पुढं ते आमटी भुरकत राहिले आणि सुताराचा विषय परत काढला नाही.

डॉक्टर बाई तरुण होती, सांगणं मात्र म्हाताऱ्यासारखं सावकाश. डोळ्याच्या पडद्याखाली पाणी झिरपतंय, मधला भाग धूसर होत जाईल, डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतील, जेवढी नजर आहे तेवढी टिकवायचा प्रयत्न करू. ह्यांनी एकच विचारलं, "सूक्ष्मदर्शकात बघता येईल?" ती थोडी गोंधळली. "काका, टीव्ही बघा की. लांबून," ती म्हणाली. परतताना सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा हे म्हणाले, "पिल्लू राहिलं."

मला इतका राग आला. म्हणजे माणसाची नजर चाललीय, उद्या जिना उतरताना पाय चुकला तर काय घ्या, इथे माझा जीव टांगणीला लागलेला, आणि ह्यांना काय राहिलं, तर पिल्लू. मी तोंड फिरवून बाहेर बघत बसले. पण घर येईस्तोवर माझ्या लक्षात आलं की माझ्या रागालाही काही अर्थ नाही. या माणसानं आयुष्यात स्वतःसाठी दुसरं काही मागितलंच नव्हतं.

मग मी ह्यांचा डोळा झाले. हौसेनं नाही, सांगून ठेवते. हिंजवडीला नोकरी करणारा आमचा मुलगा एका रविवारी येऊन सूक्ष्मदर्शकाला मोबाइल जोडून गेला, चित्र टीव्हीवर दिसायची सोय केली. "बाबा, आता फुल स्क्रीनवर बघा, एकदम क्लिअर." ह्यांनी टीव्हीसमोर जाऊन मान तिरकी केली, सरळ केली, पुन्हा तिरकी केली. म्हणाले, "पापड छान भाजलाय." मुलाचा चेहरा उतरला. चूक त्याची नव्हती. ह्यांना कडेचं दिसायचं, पण जिथे बघायचं नेमकी तीच जागा पुसल्यासारखी व्हायची. टीव्ही केवढाही मोठा घेतला तरी तेवढी जागा पुसलेलीच.

म्हणून मी बघायचं आणि सांगायचं. खोडावर दगडफुलाचा पोळीएवढा एक तुकडा होता, तेवढ्यातच हे माइट होते. बाकी खोडावर पांढरा, कोरडा, चिकटून बसलेला प्रकार, त्यात कुणी नाही. हे मला तिथे उभं करायचे आणि बोटानं चाचपत कुठली कडा उचलायची ते सांगायचे. नखाएवढा टवका काढायचा, बशीत ठेवायचा, पाण्याचा थेंब सोडायचा आणि वाट बघायची. त्यात चिमटा धरायला माझा हात थरथरतो. "हलवू नकोस." "मी हलवत नाहीये, ते हलतंय." "ते कशाला हलेल, ते तुझ्यासारखं घाईत नाहीये." असे आमचे संवाद. चाळीसहून अधिक वर्षांच्या संसारात आम्ही भाजीवरून, सासू-सासऱ्यांवरून, पंख्याच्या वेगावरून भांडलो होतो. आता माइटच्या ढुंगणावरच्या केसांवरून भांडायला लागलो.

आणि एक सांगू का, मला ते बघायला आवडायला लागलं. पाणी सोडलं की वाळका करडा कपटा डोळ्यांदेखत हिरवा व्हायचा, आणि थोड्या वेळानं त्याच्या कडेखालून एक तपकिरी थेंब बाहेर यायचा, पुढचे दोन पाय चाचपत. ह्यांना मी हे सांगितलं नाही. डोक्यावर चढून बसले असते.

श्रावणात एका सकाळी कुकर लावून मी आत आले आणि डोळा लावला, तर दगडफुलाला पडलेल्या एका भोकातून काहीतरी पांढुरकं बाहेर येत होतं. अर्धवट भिजलेल्या साबुदाण्यासारखं, सुरकुतलेलं, आरपार. मी म्हटलं, "अहो, एक वेगळंच आहे." हे खुर्चीतून उठलेच. "पाय मोज." मी मोजले. पुन्हा मोजले. गणिताची बाई आहे, सहा म्हणजे सहा. "सहा?" हे म्हणाले. "नीट बघ. आठ नाहीत?" "सहा आहेत. तुमच्याच भाषेत किडा आहे." ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "अगं, किडा नाही. अंड्यातून निघालेलं पहिलं पिल्लू. माइटला जन्मताना सहाच पाय असतात, आठ पुढे होतात."

मी फोननं फोटो काढायचा प्रयत्न केला. पांढरं तेवढं आलं, बाकी काही नाही. मग मी कुंचला स्पिरिटमध्ये बुडवला, कारण मोठे माइट असेच जपून ठेवायचे हे मला आता माहीत झालं होतं. ह्यांनी हात धरला. "राहू दे. स्पिरिटमध्ये ते आकसून जाईल. आतमध्ये अजून असणार, आपल्याला जागा कळलीय आता. पुढचं इंजेक्शन झालं की डोळ्यातलं पाणी थोडं ओसरतं. तेव्हा मी बघेन." आणि थोडं थांबून, "मला स्वतःला बघायचंय गं." मग आम्ही तो टवका, त्यातल्या पांढऱ्या जिवासकट, खाली नेऊन आंब्यावर होता तिथेच खोचून आलो. हे वर येईपर्यंत काहीतरी गुणगुणत होते. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या कुणास ठाऊक, भाताचा गोळा झाला होता. तोही हे आवडीनं जेवले.

इंजेक्शन आणि ह्यांची पंच्याहत्तरी एकाच दिवशी आली. आम्ही घरच्या घरी गोड करणार होतो. दवाखान्यात सबंध सकाळ गेली. ह्यांच्या डोळ्यावर पट्टी, एका हातात माझा दंड, दुसऱ्या हातात काठी, असे आम्ही दुपारी फाटकातून आत आलो. बाजूच्या वाटेनं मागचं अंगण दिसतं. तिथे मांडव घातला होता, खुर्च्या मांडल्या होत्या, आणि आंबा खालपासून माझ्या डोक्याच्या उंचीपर्यंत गेरूनं लाल आणि त्यावर चुन्याचा रुंद पांढरा पट्टा.

सोसायटीचे चेअरमन धावत आले. भला माणूस आहे, लिफ्ट बंद पडली की म्हाताऱ्यांच्या पिशव्या वर पोचवतो. हळूच मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, सरांना काही बोलू नका हं. संध्याकाळी सत्कार ठेवलाय, सरप्राइज आहे. आणि ते झाड बघितलंत का? सर रोज तिथेच जाऊन उभे राहतात ना, म्हटलं त्यांचा सत्कार त्याच झाडाखाली करायचा. किती बुरशी लागली होती हो. सरांच्या कपड्यांना लागायची. पेंटरला सांगितलं, तारेच्या ब्रशनं सगळी खरवडून काढ आणि मग रंग लाव. दुसऱ्या झाडांना नुसता गेरू, या झाडाला मात्र स्पेशल."

त्या माणसाच्या चेहऱ्यावर इतकं कौतुक होतं की मी 'वा' म्हटलं. हो, मी 'वा' म्हटलं.

ह्यांना वर निजवून मी पुन्हा खाली खोडाशी जाऊन बघितलं. मुळाशी करड्या भुशाचा थोडासा ढीग, त्यावरून पाण्याचा पाइप मारलेला, सगळं चिखलात गेलेलं. मी बोटांनी चिवडलं. साडीला गेरू लागला. वर आले तर हे पलंगावर पडलेले, पट्टीखालून म्हणाले, "खाली कसला गोंधळ आहे?" मी म्हटलं, "कुणाकडे तरी कार्य आहे." मग थोड्या वेळानं म्हणाले, "चुन्याचा वास येतोय तुझ्या हाताला." मी हात धुवायला गेले. परत आले तेव्हा हे उठून बसले होते. "आंब्याला लावला का?" म्हणाले. मी हो म्हटलं. "खरवडून?" मी पुन्हा हो म्हटलं. ते परत आडवे झाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

संध्याकाळी मी सत्काराचं सांगून टाकलं आणि म्हटलं, आपण जायला नको, बरं नाही म्हणून सांगते. ह्यांनी ऐकलं नाही. कडक इस्त्रीचा सदरा मागितला. त्या लालपांढऱ्या खोडापुढे खुर्ची होती, तिथे बसले. शाल झाली, नारळ झाला, सोसायटीतल्या मुलींनी ओवाळलं. निसर्गावर प्रेम करणारे आपले सर, असं कुणीतरी बोललं. मग माइक ह्यांच्या हातात दिला. मी पहिल्या रांगेत अंग आक्रसून बसले होते. आता हे त्या सगळ्यांची सालटी काढणार, आणि काढावीत असं मला मनापासून वाटत होतं. हे उभे राहिले. "तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी एवढं केलंत," म्हणाले. "झाड फार स्वच्छ झालंय असं मला कळलं. आभारी आहे." आणि बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बटाटेवडे आणि कॉफी आली.

घरी आल्यावर मात्र माझा बांध फुटला. "का नाही बोललात? एकदा तोंड उघडून सांगायचं होतं त्यांना, तुम्ही काय केलंत ते." हे शाल घडी करत होते. "मनापासून केलं गं त्यांनी. माहीत नव्हतं." मी म्हटलं, "माहीत कसं असणार? रोज विचारायचे बिचारे, काय बघताय सर. तुम्ही काय सांगायचात? झाड. भाडेकरू. एकाला, नुसत्या एकाला नीट सांगितलं असतं, की इथे अमुक आहे, याला हात लावू नका, तर तारेचा ब्रश लागला असता?" बोलून गेले आणि मग जीभ चावली. मीच वरून ऐकून हसायचे, हेही त्याच वेळी आठवलं. हे शालीची घडी नीट करून म्हणाले, "नसता लागला." एवढंच.

पुढे आम्ही शोधलं. सोसायटीतली बाकीची झाडं, जवळच्या टेकडीवरची, कात्रजच्या बाजूला मुलाच्या मित्राचं शेत आहे तिथल्या बांधावरचे आंबे. मुलगा जमेल तेव्हा गाडी काढून यायचा. रस्त्याकडेच्या झाडांच्या खोडांवर नुसती काळी धूळ, बोट लावलं की बोट काळं. शेतावर दगडफूल मिळालं, भरपूर मिळालं, मी घरी आणून बशी-बशी बघितलं. त्यात दुसरेच माइट होते, काळे, गोल. ह्यांना सांगितलं की हे मान हलवायचे. मग एक दिवस म्हणाले, "पुरे आता. तुझे गुडघे दुखतात." मी ते सहा पायांचं कागदावर काढून बघितलं. मुलांना वर्तुळं शिकवण्यापलीकडे माझी चित्रकला नाही. जे आलं ते बटाट्यासारखं दिसत होतं. चौकटीत ते चिकटवावं का, असं मी विचारलं, तर "तुझ्याजवळ ठेव," म्हणाले.

गेल्या आठवड्यात तपासणीला गेलो होतो. डॉक्टर बाई खूश होती. इंजेक्शननं चांगलंच काम केलंय, पाणी बरंच ओसरलंय, अक्षरांच्या तक्त्यावर खाली दोन ओळी जास्त वाचता आल्या. किती दिवस टिकेल सांगता येत नाही, पण सध्या छान आहे, काका, नजर वापरून घ्या, असं म्हणाली. मी पेढे घेतले. घरी आल्यावर हे सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत गेले. मी चहा घेऊन गेले तर खुर्चीत बसलेले, हात मांडीवर. म्हणाले, "दिसतंय गं आता. पण बघू काय?"

असं काही ऐकलं की मला चिडायलाच होतं. मी कप आपटून म्हटलं, "मला बघा."

हे वळले. गेले कित्येक महिने माझ्याशी बोलताना हे माझ्या कानापलीकडे कुठेतरी बघायचे, कारण समोर बघितलं की माझा चेहराच पुसला जायचा. आता सरळ बघत होते. कपाळापासून हनुवटीपर्यंत, न घाई करता. मला अवघडल्यासारखं झालं, पदर नीट करावासा वाटला.

"केसांना मेंदी लावायची कधी सोडलीस?" ह्यांनी विचारलं.

"तुम्हाला दिसेनासं झालं तेव्हा," मी म्हटलं.

हे नुसते बघत राहिले. चहा निवत होता. मी जागची हलले नाही.